बेगल, बाफला आणि आजींचे तूप

पाहुणा जेवायला बसला की मराठी घरात ‘अजून थोडे तूप घ्या’ म्हणतात, कन्नड घरात ‘इन्नष्टु तुप्प हाक्कोरी’ म्हणतात. भाषा दोन, आग्रह एकच. आपल्याकडची माया अशी तुपातून, दह्यातून, खव्यातून ताटात उतरते. म्हणूनच घरातले एखादे लेकरू जेव्हा सांगते, की ‘मी यापुढे दूध, दही, तूप काही खाणार नाही’, तेव्हा आईला नुसता पदार्थ नाकारल्यासारखे वाटत नाही. आपल्यालाच नाकारल्यासारखे वाटते.

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी नेमके हेच झाले होते. ताईचे सासर ग्वाल्हेरचे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ 1810 मध्ये तिथे पडला, त्यातून लष्कर हा शहराचा भाग वसला आणि कितीतरी मराठी घराणी तिकडचीच झाली. ताईचे घर फूलबागेपासून जवळ. जवळच राणी लक्ष्मीबाईंची समाधी. बागेच्या आवारात मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज अशी चार ठिकाणे शेजारी शेजारी. दिवाळीच्या सुट्टीत मी बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने निघाले, ती पिशवीत रीतीप्रमाणे कुंद्याचा डबा घेऊनच. भाच्याने मला वाकून नमस्कार केला, डबा आजीच्या हाती दिला, पण त्यातला एक कणही तोंडात टाकला नाही.

तो दोन वर्षे टोरांटोला शिकायला होता. तिथे व्हीगन झाला. हा शब्द 1944 मध्ये इंग्लंडात निघाला. मांस-मासळी-अंडी तर नाहीतच, पण दूधदुभते आणि मधही वर्ज्य. वासराच्या वाटणीचे दूध आपण घेऊ नये, असे त्याचे साधे म्हणणे. वाद घालत नव्हता, कोणाला उपदेश करत नव्हता. तरी घरात अवघडलेपण होते. ताई त्याच्यासाठी तेलाची वेगळी फोडणी करी, वेगळ्या पातेल्यात. सगळे उठल्यावर तो जेवायला बसे. ताईच्या सासूबाई, वय ब्याऐंशी, काही बोलत नसत. फक्त त्याच्या कोरड्या पोळीकडे बघत. एका संध्याकाळी तो गच्चीवर मला म्हणाला, ‘मावशी, पुढच्या खेपेला मी हॉटेलातच उतरेन. माझ्यापायी आईला दोनदा स्वयंपाक पडतो.’ ताई जिन्यात उभी होती. तिने ते ऐकले आणि तशीच खाली गेली.

मला राहून राहून नवल वाटत होते ते वेगळ्याच गोष्टीचे. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगे सोडणारी माणसे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कोणी सोमवारी अळणी खाते, कोणी एकादशीला धान्य शिवत नाही. त्यांना कोणी ‘का’ विचारत नाही. त्यांचे पथ्य सांभाळून सगळी पंगत बसते. मग या मुलाचे पथ्यच पंगतीबाहेर का?

तिथे असताना त्याला आठवण येई ती बेगलची. बेगल म्हणजे कड्याच्या आकाराचा, चिवट, चकचकीत पाव. मूळ पोलंडमधल्या ज्यू लोकांचा. क्राकूव शहरातल्या ज्यू समाजाच्या 1610 सालच्या नियमांत त्याचा उल्लेख सापडतो, तोही बाळंतिणीला द्यायच्या भेटीसंदर्भात! पुढे तिथून स्थलांतर करणाऱ्यांबरोबर तो न्यूयॉर्कला गेला आणि जगभर झाला. साध्या बेगलमध्ये मैदा, पाणी, मीठ, यीस्ट आणि थोडा गोडवा, एवढेच. अंडे किंवा मध घालण्याच्या रीती आहेत, पण त्यांच्यावाचून बेगलचे काही अडत नाही. म्हणजे त्याला व्हीगन करण्यासाठी त्यातून काही काढून टाकावे लागत नाही. हे मला फार आवडले. मी म्हटले, ‘उद्या आपण सगळ्यांसाठी हेच करू या. एकाच परातीत.’

प्रमाण सांगते, आठ बेगल होतात. अर्धा किलो मैदा, दहा ग्रॅम मीठ, सहा ग्रॅम कोरडे इन्स्टंट यीस्ट, एक मोठा चमचा काकवी आणि सुमारे पावणेतीनशे मिलिलिटर पाणी. कणीक पुरीच्या कणकेसारखी घट्ट हवी आणि दहा-बारा मिनिटे जोर लावून मळायला हवी. गव्हातल्या ग्लुटेनची जाळी मळण्याने बळकट होते, तिच्यावरच पावाचा चिवटपणा उभा असतो. आपल्याकडचा खपली गहू खिरीला उत्तम, पण त्याचे ग्लुटेन नाजूक. इथे तो नको. पीठ तेलाचा हात लावून झाकून ठेवावे. दिवाळीच्या गारव्यात फुगायला दीड तास लागला. मे महिन्यात कदाचित निम्म्या वेळात होईल. मग आठ गोळे करून मध्ये बोटाने भोक पाडावे आणि फिरवत मोठे करावे, कारण फुगताना ते मिटते. पुन्हा वीस मिनिटे विसावा.

यीस्ट ‘जिवंत’ असते हे ऐकून आजी भाच्याला म्हणाल्या, ‘मग हे रे तुला कसे चालते?’ तो हसला. ‘आजी, ती बुरशी आहे. मशरूमच्या कुळातली.’ कितीतरी दिवसांनी त्या दोघांचे खाण्यावरून हसून बोलणे झाले, असे ताई नंतर म्हणाली.

खरी गंमत पुढे. बेगल भाजण्याआधी उकळत्या पाण्यात सोडतात. पाण्यात थोडा गूळ घालायचा आणि प्रत्येक बाजूला पाऊण-एक मिनिट ठेवायचे. उकळीने वरच्या थरातला स्टार्च शिजून त्याची पातळ कातडी होते, म्हणून भट्टीत पाव वाटेल तसा फुगत नाही. आत दाट आणि बाहेर तुकतुकीत राहतो. ज्वारीच्या भाकरीला आपण आधणाचे पाणी घालतो, तेव्हाही स्टार्चच शिजून चिकटपणा देतो.

पातेल्यात कडी तरंगताना पाहून आजी उठून ओट्याशी आल्या. ‘अगं, हा तर बाफला!’ त्यांचे माहेर इंदूरचे. माळव्यात बाफला आधी पाण्यात उकळतात, मग भाजतात. ‘झारा इकडे दे,’ म्हणाल्या आणि उलटणे, काढणे, निथळणे सगळे त्यांनीच केले. वर तीळ लावून दोनशे वीस अंशांवर वीस मिनिटे भाजले. सोबत मी नेलेली कारळ्याची, म्हणजे आपली गुरेळ्ळू चटणी आणि शेंगदाण्याची चटणी, तेलात कालवून.

त्या रात्री सगळे एकदम बसले. आजींनी आपल्या बेगलवर तूप घेतलेच. भाच्याने चटणी घेतली. कोणी कोणाला बदलले नाही, पण ताटातला पाव एकच होता. सकाळी ताईने त्याला विचारले, ‘होळीला येशील तेव्हा घरीच उतरशील ना?’ तो ‘बघतो’ म्हणाला. ‘नाही’ म्हणाला नाही, एवढेच ताईला पुरले.

ज्यांच्या घरी असे कोणी असेल, त्यांच्याकडे ओव्हन नसला तरी बिघडत नाही. तेलाच्या मोहनाची कडबोळी, म्हणजेच कन्नडमधले कोडबळे, कुळथाची शेंगोळी, जोळद रोट्टी आणि तेलातले एण्णगाई, यांतल्या कशालाच दुधा-तुपाची गरज नाही. वेगळे खाणाऱ्यासाठी वेगळे पातेले चढवण्याआधी, सगळ्यांनाच चालेल असे एक पातेले आपल्या स्वयंपाकात आधीपासून आहे का, ते पाहावे. बहुधा असतेच. ते पंगतीच्या मधोमध ठेवावे आणि तुपाचे भांडे शेजारी. ज्याला हवे तो घेईल.