बंद करायचं राहून गेलं

मी लोकांची बिलं वाचून पोट भरते. कंपन्या क्लाउडवर भाड्याची यंत्रं वापरतात, त्यांची महिन्याची बिलं. मध्यम आकाराच्या कारखान्याच्या बिलातसुद्धा लाखांनी ओळी असतात. छापल्या तर रद्दीवाला टेम्पो घेऊन येईल. त्या चाळायच्या आणि यातलं काय बंद करता येईल ते सांगायचं. या कामाला ‘फिनऑप्स’ असं भारदस्त नाव आहे. माझी आई त्याला ‘लोकांच्या घरचे दिवे मालवत फिरणं’ म्हणते. तिची व्याख्या मला जास्त पटते.

चाकणच्या एका कंपनीच्या बिलात मला ‘टेस्ट-फायनल-२’ नावाचं यंत्र सापडलं. साडेतीन वर्षं रात्रंदिवस चालू. ते सुरू करणारा मुलगा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. मीटिंगला सहा जण होते. ते कशासाठी आहे हे एकालाही सांगता येईना आणि बंद करा म्हणायची कुणाची छाती होईना. “राहू द्या मॅडम, कशाला हात लावायचा?” असं अकाउंट्सचे साहेब म्हणाले.

मी नोकरीला लागले तेव्हा सर्व्हर विसरून जाणं शक्यच नव्हतं. तो घ्यायचा म्हणजे तीन कोटेशनं, साहेबांची सही, पीओ, मग दोन-दोन महिने वाट. आल्यावर रॅक, यूपीएस, एसी. एवढ्या कष्टानं आलेली वस्तू कोण विसरेल? अ‍ॅमेझॉननं २००६च्या मार्चमध्ये साठवणूक आणि ऑगस्टमध्ये यंत्रं भाड्यानं द्यायला सुरुवात केली. छोट्या यंत्राचं भाडं होतं तासाला १० सेंट. क्रेडिट कार्ड असलं की झालं, सही कुणाचीच नको. आपल्याकडे मायक्रोसॉफ्टनं २०१५ साली पुणे, मुंबई, चेन्नईत केंद्रं उघडली, पुढच्या वर्षी अ‍ॅमेझॉन मुंबईत आलं. पेमेंटचा डेटा देशातच ठेवा, असं रिझर्व्ह बँकेनं २०१८मध्ये बजावलं तोवर तशी सोय झालेली होती.

‘वापराल तेवढेच पैसे द्या’ या एका वाक्यावर हा बाजार उभा राहिला. ते वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. मीटर वापराचा पडत नाही, चालू ठेवल्याचा पडतो. रिक्षा सिग्नलला थांबली तरी मीटर पडतो तसा. आठवड्याचे तास १६८. ऑफिस पाच दिवस, रोज दहा तास धरलं तर ५०. मग डेव्हलपर मंडळींची चाचणीची यंत्रं उरलेले ११८ तास कुणासाठी चालतात? भाड्याचा शेकडा ७० भाग रिकाम्या खुर्च्यांसाठी जातो. हा हिशोब मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला फळ्यावर मांडून दाखवते आणि दर वेळी खोलीत तीच शांतता पसरते.

अलीकडे मात्र बाजाराचं वळण वेगळं आहे. तासाचं भाडं महाग वाटतंय? मग एक किंवा तीन वर्षं अमुक इतका खर्च करण्याचं वचन द्या, सूट मिळेल. अ‍ॅमेझॉनच्या जाहिरातीत ती ७२ टक्क्यांपर्यंत जाते. सूट खरीच मिळते, मीही ती घ्यायला सांगते. पण तीन वर्षांच्या वचनाला पुन्हा मोठ्या साहेबांची सही लागते आणि घासाघीसही होते. फिरून आम्ही कोटेशनच्या जमान्यात आलोय, फक्त सर्व्हर आता आपला नसतो.

बिलात बारीक ओळीही वाढताहेत. पूर्वी चालू यंत्राला मिळणारा सार्वजनिक आयपीव्ही-फोर पत्ता फुकट होता. फेब्रुवारी २०२४पासून अ‍ॅमेझॉन प्रत्येक पत्त्याला तासाला अर्धा सेंट घेतं. महिन्याचे साधारण तीनशे रुपये. एका पत्त्याचं काही वाटत नाही, चारशे पत्ते निघाले की वाटतं. शिवाय बिल रुपयांत आलं तरी दर मूळ डॉलरमध्ये असतात. रुपया घसरला की एकही यंत्र न वाढवता बिल वाढतं, आणि ते माझ्यामुळे वाढलं नाही हे मलाच समजावून सांगावं लागतं. या भाड्यात पैसा किती आहे? २०२४ साली अ‍ॅमेझॉनच्या एकूण विक्रीत क्लाउडचा होता सहावा हिस्सा. कार्यकारी नफ्यात निम्म्याहून जास्त.

तर मग सोडून का जात नाहीत? डेटा आत न्यायला पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात. मुंबईतून पहिल्या टप्प्यात जीबीला जवळपास ११ सेंट. युरोपनं कंपनी बदलणं सोपं करणारा डेटा कायदा आणला, त्याची चाहूल लागताच २०२४च्या जानेवारीत गूगलनं आणि मार्चमध्ये अ‍ॅमेझॉन-मायक्रोसॉफ्टनं कायमचं सोडून जाणाऱ्यांना ही आकारणी माफ केली. पण माझ्या अनुभवात हा जकातनाका कुणाला अडवत नाही. अडवते ती सवय. त्या त्या कंपनीचा डेटाबेस, तिची लॉगिन पद्धत, तिच्याच भाषेत शिकलेली पोरं. हे सगळं ट्रकमध्ये भरता येत नाही.

अमेरिकेतली ‘थर्टीसेव्हन सिग्नल्स’ ही कंपनी गेली. २०२२ साली तिचं क्लाउडचं बिल ३२ लाख डॉलर होतं. तिचा सहमालक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यानं स्वतःचे सर्व्हर घेतले आणि सगळा हिशोब चव्हाट्यावर मांडला. तेव्हापासून दर महिन्याला कुणी ना कुणी मला ती लिंक पाठवतं. मी विचारते, तुमचं काम त्यांच्यासारखं वर्षभर एका मापाचं आहे का? रात्री दोनला डिस्क गेली तर उठणारी माणसं पगारावर आहेत का? बहुतेकांकडे नसतात. आणि घरी राहिलेलेही सुखात नाहीत. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमनं स्वतःच्या सर्व्हरवर लागणारं सॉफ्टवेअर बनवणारी ‘व्हीएमवेअर’ घेतली आणि महिनाभरात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं. आता वर्गणीच भरायची. घर स्वतःचं, पण जिन्याचं भाडं सुरू.

आता एआय. बिलात त्यासाठी लागणाऱ्या जीपीयू चिपची ओळ दिसली की मी आधी तीच उघडते, कारण इथे विसरणं परवडत नाही. आठ एच-१०० जीपीयू असलेलं यंत्र तासाला काही हजार रुपये खातं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला राहून गेलं तर सोमवारी नऊपर्यंत ६३ तास होतात. आणि ही यंत्रं जुनी किती लवकर होतात, याची धास्ती मालकांनाही आहे: अ‍ॅमेझॉननं २०२५पासून आपल्या काही सर्व्हरचं आयुष्य हिशोबात सहावरून पाच वर्षं केलं. त्याची भरपाई शेवटी कुणाच्या बिलात येणार, हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. विचारलं तर सांगते.

राहिलं ‘टेस्ट-फायनल-२’. मालक नसलेल्या यंत्रासाठी आमच्या धंद्यात एक जुना उपाय आहे: बंद करायचं आणि कोण ओरडतं ते बघायचं. त्याला ‘स्क्रीम टेस्ट’ म्हणतात. पुसून टाकायचं नाही, फक्त थांबवायचं. एका शुक्रवारी आम्ही ते थांबवलं. सोमवारी कुणी ओरडलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. मी अहवालात बचतीचा आकडा लिहून टाकला.

अकरा तारखेला दुपारी फोन आला. अकाउंट्सचे तेच साहेब. जीएसटीच्या रिटर्नची फाइल दर महिन्याला त्याच यंत्रातून निघायची आणि भरायची शेवटची तारीख तीच होती. पाच मिनिटांत यंत्र सुरू झालं, फाइल निघाली. आता ते महिन्यातून तीनच दिवस चालतं. नाव बदलायचं मी सुचवलं होतं. साहेब म्हणाले, “राहू द्या मॅडम, आता सगळ्यांना ते याच नावानं माहीत झालंय.”