तोरणांचं देणं

आठवीपासूनच्या माझ्या वह्या-पुस्तकांचे पैसे तोरणांनी दिले, आणि तोरणं काढायला शिकवलं ते शेजारच्या काकीनं. वडील गेले, आई काजूच्या कारखान्यात जाऊ लागली. मे महिन्याच्या सुट्टीत काकी मला उजाडायच्या आत सड्यावर घेऊन जायची. तिच्या हातात आकडी, माझ्या डोक्यावर टोपली.

तोरणाची जाळी सहज हात घालू देत नाही. काटे वाकडे, सदरा धरला की सोडत नाहीत. शेजारी झाड असेल तर फांद्या त्याच्यावर चढतात. पानाची खालची बाजू मऊ लवेची. पान उलटून बघायला काकीनंच शिकवलं. थंडी सरताना बारीक फुलोरा येतो आणि एप्रिल-मेमध्ये हिरवी फळं पांढरीशुभ्र होतात. गर थोडा, पिठूळ, गोड. आत एकच टणक बी. उंचावरची फळं काकी आकडीनं फांदी वाकवून काढायची, फांदी मोडू द्यायची नाही. "समदी काढू नुको, पाखरांना ऱ्हाऊ दे," हे रोजचंच.

बाजारात पानांच्या द्रोणांतून तोरणं विकली जायची. परत आल्यावर काकी पदराची गाठ सोडून पैसे मोजायची आणि माझा वाटा माझ्या नव्हे, आईच्या हातात द्यायची. माझी टोपली कधीच तिच्याएवढी भरली नाही. वाटे मात्र सारखे.

नोकरी लागल्यावर मी तिच्यापुढे पैसे ठेवले. तिनं ते परत माझ्या खिशात घातले. "तुझ्या बापानं आमचं घर शाकारलं व्हतं, तवा काय घेतलान?" माझ्या जन्माआधीचा तो पावसाळा मला तिच्याकडूनच कळला.

पुढे सड्यावर सुरुंग लागले, कातळ फोडून हापूसच्या कलमांचे खड्डे झाले आणि तोरणाच्या जाळ्या गेल्या. हापूसवर माझा राग नाही. 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मलाही आनंद झाला. आमच्या गावाचं पोट त्याच्यावर आहे. पण बागेच्या कडेची जाळी तोडायचं काहीच कारण नव्हतं. उलट तोरणासारखी काटेरी वई गुरांना चांगली अडवते.

ऑरेगनमधल्या भाचीनं मागे दारातल्या झुडपाचा फोटो पाठवला. "मामा, ही तोरणंच ना?" ती स्नोबेरी होती, तिथल्याच रानातली. लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतून तिचं बी पूर्वेकडे आलं, 1812 मध्ये रोपं थॉमस जेफरसनच्या बागेत पोचली आणि मग ती घरोघरी शोभेला लागली. पानं झडली तरी पांढरी फळं थंडीत फांदीवर टिकतात. पाखरं खातात, माणसानं खाऊ नयेत. तसं मी तिला लगेच कळवलं. ज्याची फळं तोंडात घालता येत नाहीत त्या रानझुडपाला तिथल्या लोकांनी हौसेनं अंगणात जागा दिली, याचं मला फार अप्रूप वाटलं. आमचं तर पोरांना शिकवणारं झुडूप!

काकी आता नाही. तिच्या परड्यामागे उरलेल्या जाळीचं बी धुऊन मी पिशव्यांत लावलं. माझ्या गडग्याला लागून तोरणाची वई उभी राहिली आहे, फळंही धरते. यंदाही पिशव्यांत रोपं आहेत. पहिला पाऊस पडून माती भिजली की ज्यांच्या बागेची कड उघडी पडली आहे त्यांनी घेऊन जावीत; पैसे आणू नयेत.