पान्याची सावली

रविवार. टेबलाचा खण उपसला. वाळलेली पेनं, कुठलासा चार्जर, गेलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड!

सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके: कारखान्यात हे पाच जपानी शब्द तोंडपाठ. नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, झाडापुसा, तीच घडी बसवा, अंगवळणी पाडा. फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली. पाना परतला नाही की रिकामी आकृतीच चुगली करते. पुसता पुसता मशीनखाली तेलाचा थेंब दिसतो. सफाई हीच तपासणी.

चार ‘स’ जमतात, घोडं अडतं ते पाचव्या ‘श’पाशी. जपानी मुलं शाळेत आपला वर्ग स्वतः झाडतात. शिस्त तिथेच मुरत असावी.

खण लख्ख केला. वॉरंटी कार्ड मात्र पुन्हा आत. असू दे, लागेल कधीतरी!