आमचे खळे

आमच्या मांद्रेत अंगणाला अंगण म्हणत नाहीत, 'खळें' म्हणतात. घाटावरच्या वाचकाला खळे म्हटले की मळणीची जागा आठवेल, आणि तसे ते होतेही. आजोबांच्या वेळी भात तिथेच मळले जाई. आता भात नाही, बैल नाहीत. नाव मात्र राहिले आहे. वसतिगृहातला माझा धारवाडकडचा सोबती त्याला 'अंगळ' म्हणतो आणि मागच्या परसाला 'हित्तलु'. आमच्या घराभोवतालची जागा, म्हणजे गोठा, विहीर, माड, फणस सगळे धरून, तीन हजार चौरस मीटर आहे असे मी त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "अरे, त्यात आपलं अख्खं होस्टेल मावेल की!" मावेल खरे. पण होस्टेल झाडायला माणूस आहे; खळे झाडायला आम्हीच.

दरवर्षी परीक्षा संपली की मी बेळगावहून आंबोली घाट उतरतो, सावंतवाडी, बांदा करीत पेडणे गाठतो आणि घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटेच आजीची हाक येते, "उठ रे, पावस काय तुका विचारून येतलो?" गोव्यात पाऊस साधारण ५ जूनच्या सुमारास पोचतो. चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दहा फूट पाणी. मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे एकदा वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला होता. आमच्या एका खळ्यावर नव्वद लाख लिटर! हे सगळे पाणी आकाशातून येते आणि त्याने कुठे जावे हे मे महिन्यात ठरवून ठेवावे लागते. बाकीची तयारी या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी पातेरा. फणसाची, काजूची, आंब्याची वर्षभराची पाने हिराच्या केरसुणीने ओढून ढीग करायचे. ओढताना आधी काठीने आपटायचे, कारण पाचोळ्याखाली फुरसे असू शकते. ढीग जाळले की राख माडांच्या आळ्यांत. सोबत शेण आणि मूठभर मीठ. मीठ आगरवाड्याच्या मिठागरातले, जाडे, किंचित मातकट. मग पिडे, सोडणे, वाळलेली चुडते पडवीत रचायची. चार महिने चूल त्यावर चालते. घरात गॅस आहे, पण आजीच्या मते पेजेला चूलच हवी. मग कौले. फुटकी काढून नवी बसवायची, मांजरांनी सरकवलेली सारखी करायची. ही मंगळुरी कौले बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात पहिला कारखाना काढला तेव्हापासून साऱ्या किनाऱ्यावर पसरली. आमच्या छपरावर त्यांच्या तीन पिढ्या एकत्र नांदतात, त्यामुळे एकही दुसरीशी नीट जुळत नाही.

पश्चिमेच्या भिंतीला पूर्वी चुडतांच्या विणलेल्या मल्लांची झड बांधत. पाऊस समुद्राकडून आडवा येतो आणि आमची भिंत मातीची. आता तिथे निळी ताडपत्री बांधतो. दिसायला वाईट, पण आठ-आठ दिवस मल्ले विणत बसायला माणसे कुठली आणायची? आणि चुडते तरी कुठे मोकळी असतात? मोसमाच्या सुरुवातीला किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांना ती लागतात, आणि मेअखेर त्यांचे शॅक मोडू लागतात तेव्हा ती कुजून गेलेली असतात.

पुरुमेंत, म्हणजे सुके बांगडे, आमसुले, मिरची, कांदे यांची भरणी, हा आजीचा प्रांत. त्यात आम्हाला प्रवेश नाही.

सर्वांत शेवटी पाट. हे काम बाबांचे. घर आणि खळे यांच्या कडेकडेने वीतभर खोल चर होता. चिरा नाही, सिमेंट नाही, नुसती माती खणून काढलेली. दर मे महिन्यात तो पाचोळ्याने बुजे, आणि बाबा कुदळीने मोकळा करीत. दोरी नाही, पट्टी नाही. काम संपले की विहिरीतून एक कळशी काढून तुळशीपाशी ओतायची आणि उंबऱ्यावर बसून पाणी कुठे जाते ते बघायचे. पाणी फणसाच्या मुळाशी वळून गडग्याच्या भोकातून व्हाळाच्या दिशेने गेले की बाबा उठत. मला तेव्हा ते आळशीपणाचे वाटे. एवढे काम केल्यावर बसायला निमित्त म्हणून कळशी!

बाबा जाऊन दोन वर्षे झाली. यंदा दादाने ठरवले की खळे जेसीबीने एकसारखे करून घ्यायचे. दादाला दोष देत नाही. तो नोकरी करतो, रविवार तेवढा त्याचा. मजूर मिळत नाहीत. शिवाय २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले तेव्हा फणसाची फांदी छपरावर पडली आणि तीन दिवस आम्ही अंधारात कौलांचे तुकडे गोळा करीत होतो. तेव्हापासून त्याला झाडे, पाने, माती यांचा धसकाच बसला आहे. फणस तोडायचेही त्याच्या मनात होते. पण १९८४ च्या कायद्याने झाड तोडायला परवाना लागतो, म्हणून प्रकरण फांद्या उतरवण्यावर भागले. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून आमच्या भागात जमिनीची चौकशी करणाऱ्यांच्या गाड्या फार फिरतात. दादा म्हणे, "सपाट जागा नुसती दिसली तरी तिला किंमत येते." विकायची आहे का, असे मी विचारले. "विकायची नाही. पण किंमत असावी," तो म्हणाला. यावर काय बोलणार?

खरा वाद रोयणीचा. फणसापलीकडे छातीभर उंचीचे तांबडे वारूळ आहे. गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजतात. कित्येक देवळांच्या गाभाऱ्यात प्रत्यक्ष रोयणच असते. आजी आमच्या रोयणीला शुक्रवारी अबोलीची दोन फुले ठेवते. दादाने पडवीचा वासा दाखवला. बोट दाबले तर आत गेले. "ही तुझी देवी घर खाते आहे," तो म्हणाला. आजी एवढेच म्हणाली, "रोयण काडून घर रवना रे पुता."

दोघांनी माझ्याकडे पाहिले. वनस्पतिशास्त्र शिकतो म्हणून निवाडा मी द्यायचा! मला ठाऊक होते ते मी सांगितले. वाळवी आत बुरशीची शेती करते, चघळलेल्या लाकडाचे वाफे करून त्यावर बुरशी वाढवते, आणि पावसात तीच वर येते ती आपली रोयणीची अळमी. वारूळ मोडले की तिथली अळमी संपली. वासा वाळवीनेच खाल्ला हेही खरे. पण याच वारुळातल्या वाळवीने की दुसऱ्या, हे मी सांगू शकत नव्हतो. दोघांचेही समाधान झाले नाही. माझेही नाही.

२९ मेला यंत्र आले. चालक विजापूरकडचा, माझ्याच वयाचा. तासाभरात त्याने झुडपे, दगड, जुनी आळी, उंचवटे सगळे चाटून पुसून सारखे केले. मग दादाने हाताने रोयण दाखवली. यंत्र तिथवर गेले आणि थांबले. मुलगा खाली उतरला. अबोलीची सुकलेली फुले त्याने पाहिली, चपला काढल्या आणि कन्नडमध्ये म्हणाला, "इद हुत्त ऐतल्रि. ना मुट्टंगिल्रि." हे वारूळ आहे, मी हात लावणार नाही. दादाला भाषा कळली नाही, अर्थ कळला. मी होस्टेलमध्ये शिकलेल्या तोडक्या कन्नडमध्ये त्याला चहा घेणार का विचारले, तर त्याला इतका आनंद झाला की दोन कप घेतले. आजीने त्याला चार मानकुराद आंबे दिले.

त्या गडबडीत एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. पाट नाहीसा झाला होता. मीसुद्धा खळ्याकडे पाहून "क्रिकेटचे मैदान झाले" म्हणालो होतो.

६ जूनच्या रात्री पाऊस आला. आधी समुद्राचा आवाज बदलला, मग वीज गेली, मग कौलांवर कुणी रेतीचे टोपले उपडे करावे तसा धबधबा. तासाभराने गोठ्यातली गाय हंबरू लागली म्हणून मी बॅटरी घेऊन बाहेर आलो. खळे नव्हतेच, तळे होते. पाणी फणसाकडे न जाता घराकडे येत होते, आणि पश्चिमेच्या भिंतीचा पाया ओला होऊन त्याचे पापुद्रे सुटू लागले होते. मातीची भिंत एकदा पायथ्याशी भिजली की उभी किती वेळ राहील याचा हिशेब वहीत मांडता येत नाही.

दादा कुदळ घेऊन आला, मी फावडे. पण खणायचे कुठे? अंधारात, गुडघाभर पाण्यात उतार दिसत नाही. आम्ही विहिरीच्या बाजूने खणू लागलो आणि पाणी जागचे हलेना. एवढ्यात उंबऱ्यावरून आजी ओरडली, "विहिरीकडे न्हय रे, फणसाकडे! तुमचो बापूस थंयसून उदक काडी." ती पावसात उतरली. ऐंशीच्या घरातली ती बाई, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, एका हातात बॅटरी; तुळशीपासून पावले मोजत चालू लागली आणि आम्ही तिच्या पायांमागे खणत गेलो. दोनदा ती थांबली, मागे आली, पुन्हा गेली. दादा एक शब्द बोलला नाही. गडग्याचे भोक यंत्राने लोटलेल्या मातीने बुजले होते. ते हाताने उकरले. पहाटे साडेचारच्या सुमारास पाणी एकदम आवाज करून वळले.

सकाळी भिंतीचा खालचा हातभर भाग ढासळलेला होता. घर उभे होते. दादाने विहिरीतून कळशी काढली आणि तुळशीपाशी ओतली. आधीच सगळीकडे पाणी होते, त्यात कळशीचे पाणी काय दिसणार? तरी तो उंबऱ्यावर बसून बघत राहिला.

कॉलेज सुरू झाल्यावर मी बेळगावला आलो. सोबत्याला ही हकीकत सांगितली तर तो हसून म्हणाला, "आमच्यात म्हण आहे, हित्तल गिड मद्दल्ल." परसातले झाड औषध नव्हे, असे लोकांना वाटते. गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. रोयणीवर अळमी आली, आजीने टोपलीभर काढली.

"खाल्लीस?" मी विचारले.

"खाल्ली. पण दिवाळीनंतर तो वासा बदलायलाच हवा. आणि रोयणीचं काय ते तेव्हा बघू."

"आजीला विचारलंस?"

"नाही अजून."