रविवारचे इंजिनिअर

डोंबिवलीच्या मानपाडा रोडवर राहणाऱ्या माणसाला ब्रेकची किंमत सांगावी लागत नाही. खड्डा, रिक्षा, उलट्या दिशेने येणारा टेम्पो आणि पावसाळ्यात तळं, सगळं शंभर पावलांत भेटतं. तरी ब्रेक स्वतः खोलणारा माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये एकच, माझे बाबा.

बाबा मेकॅनिकलचे डिप्लोमावाले. पण गेली बावीस वर्षं फोर्टातल्या एका ऑफिसात लोकांची बिलं तपासतात. "आज काय केलंत?" असं विचारलं तर म्हणतात, "कालचंच." रविवारी मात्र जुन्या वॅगन-आरच्या मागच्या चाकांना विटा लावून पुढचं चाक जॅकवर घेतलं, की त्यांचा आवाजच बदलतो. आईच्या मते गॅरेजवाला हेच तासाभरात करून देईल. बरोबर आहे तिचं. पण बाबांना तो तास वाचवायचाच नसतो!

मी त्यांची हेल्पर. कॉन्व्हेंटच्या कृपेने मला 'स्पॅनर' माहीत, 'पाना' नाही. "दहाचा पाना दे" म्हणजे काय द्यायचं, हे इथेच शिकले. पास्कलचा नियम परीक्षेत दोनदा लिहिलाय. पण तीन मिलिमीटरच्या खाली झिजलेले पॅड बदलल्यावर बाबांनी चाक हाताने गरकन फिरवलं, मी पेडलवर नुसता पाय टेकवला आणि ते जागच्या जागी थांबलं, तेव्हा पास्कलसाहेब खरे भेटले.

मग ब्लीडिंग. मी आत पेडलवर, बाबा चाकापाशी. "दाब... धरून ठेव!" ते निपल सैल करतात, नळीतून बुडबुडे येतात, निपल बंद, आणि मगच "सोड". आधी पाय उचलला तर हवा आत, आणि पेडल स्पंजासारखं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, हे तर आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही हद्द १४० पर्यंत उतरू शकते. म्हणून आपल्या पावसाळ्यात उघडून ठेवलेला डबा वापरायचा नाही, ही बाबांची ताकीद. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहायचं, ही दुसरी.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला भावाबरोबरच्या सायकलींच्या धंद्यात गेले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. ही गोष्ट बाबांची फार आवडती. एकदा विचारलं, "मग तुम्ही का नाही सोडली?"

"फ्लॅटचे हप्ते होते गं," म्हणाले, आणि पक्कड मागितली.

पुढच्या वर्षी आमच्या प्लेसमेंटला येणार बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्याच. मेकॅनिकलवाले आम्हीही फॉर्म भरणार, पगार दिसतो ना! बाबा त्यावर काही बोलत नाहीत. फक्त गेल्या सुट्टीत पान्यांचा एक नवा सेट आणून माझ्या बॅगेत ठेवला. तो सध्या होस्टेलमध्ये माझ्या कॉटखाली आहे. ज्यांच्या बाईकचा ब्रेक किंचाळतो त्यांनी रविवारी दहाला पार्किंगमध्ये यावं. चहा तुमचा.