चौविहार, मायक्रोवेव्ह आणि घरातील भांडी

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गोंदिया शहराजवळ वसलेले नागरा हे गाव तेथील प्राचीन शिवमंदिरामुळे परिचित आहे. भोवतालचा सारा मुलूख धानाचा. येथे सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी मावळतो; डिसेंबरात तर साडेपाचच्या सुमारासच. चौविहार पाळणाऱ्या व्यापारी कुटुंबाला हा अर्धा तास फार जाणवतो. हंगामात पेढीवरून उठेपर्यंत पाच वाजून जातात, ताट वाढलेले असते आणि कढी निवालेली असते. अशा घरांत मायक्रोवेव्ह ओव्हन आला तो चैनीखातर नव्हे, मावळत्या सूर्याच्या धाकाने. परंतु घाईत वापरायची वस्तू अधिक समजून वापरावी लागते, आणि त्या समजुतीत अनेक सुशिक्षित घरेही उणी पडतात.

या यंत्राचा जन्म रडारच्या कामातून झाला. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीतील अभियंता पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील खाऊची वडी मॅग्नेट्रॉन नळीजवळ वितळली, ही 1945 ची हकिगत प्रसिद्धच आहे. घरगुती ओव्हनमधील लहरी साधारण 2450 मेगाहर्ट्झच्या असतात. त्या अन्नातील पाण्याच्या कणांना हलवतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. चुलीवर आधी भांडे तापते, मग अन्न. येथे आधी अन्न तापते आणि भांडे तापलेच तर अन्नामुळे. हा उलटा क्रम ध्यानात आला की भांड्यांचा निम्मा प्रश्न सुटतो. लहर ज्यातून आरपार जाते ते भांडे चालते. जे लहर परतवते किंवा स्वतःच शोषते ते चालत नाही. या लहरींनी अन्न किरणोत्सर्गी होते, ही भीती मात्र निराधार आहे.

धातू लहर परतवतो. त्यामुळे स्टीलच्या डब्यातील भाजी नीट तापत नाही, आणि कडा, टोक किंवा दुमड असेल तेथे ठिणग्या उडतात. बाळाच्या उष्टावणाची चांदीची वाटी, मिठाईवाल्याचे ॲल्युमिनियमचे पात्र, लग्नात आलेला सोनेरी रेघेचा कपबशांचा संच, ही सर्व याच वर्गातली. रेघ कितीही बारीक असो, ती धातूचीच असते.

वर्खाचा विचार तर क्वचितच कोणाच्या मनात येतो. तो प्राण्यांच्या कातड्यात कुटलेला आहे काय, याची आपली घरे कसोशीने चौकशी करतात. मात्र वर्ख म्हणजे चांदीचा अतिशय पातळ पत्रा आहे, हे विसरून काजूकतली गरम करायला ठेवली जाते. पातळ धातूवर ठिणगी लवकर उडते आणि खालच्या कागदी खोक्यालाही पेट घेता येतो. वर्खाची मिठाई गार खावी, हे उत्तम.

बोरोसिलिकेट काच सर्वांत निर्धास्त. धातूची नक्षी नसलेली चिनी मातीची भांडीही बहुधा चालतात. साधी मातीची भांडी ओल धरतात, ती तापून तडकू शकतात. मेलामाइनच्या ताटल्या स्वतःच लहरी शोषतात आणि तापल्यावर त्यांतील द्रव्ये अन्नात उतरू शकतात. त्या वाढण्यापुरत्याच ठेवाव्यात. श्रीखंडाचे रिकामे डबे धुऊन वर्षानुवर्षे वापरण्याची काटकसर वाण्याच्या घराला शोभते, परंतु ते डबे तापवण्यासाठी घडवलेले नसतात. ज्यावर मायक्रोवेव्हसाठी योग्य असल्याची खूण आहे तेच प्लास्टिक आत जावे. त्यातही तुपाचा शिरा किंवा फोडणीचे वरण काचेतच तापवावे, कारण तूप आणि साखर उकळत्या पाण्यापेक्षा अधिक तापतात आणि प्लास्टिक मऊ पडते.

सर्वांत मोठा धोका मात्र भांड्यात नसून पाण्यात आहे. पर्युषणात तपस्वींसाठी उकळलेले पाणी लागते. गुळगुळीत काचेच्या पेल्यात पाणी मायक्रोवेव्हमध्ये तापले तर ते उकळबिंदूच्या वर जाऊनही बुडबुडा न फोडता निश्चल राहू शकते. पेला हलला किंवा त्यात चमचा पडला की ते एकदम उसळते. उपवासाने हात थरथरणाऱ्या वृद्धाच्या हाती असा पेला देणे म्हणजे चेहरा भाजण्याची जोखीम. परंपरा तीन उकळ्या आलेले पाणी मागते, आणि येथे तर एकही उकळी दिसली नसते. हे काम गॅसवरच करावे. यंत्र सचित्त की अचित्त, हा निर्णय साधुसाध्वींचा. पाण्याला उकळी आली की नाही, हे श्राविकेने डोळ्यांनी पाहायचे आहे. बाळाचे दूधही असेच विषम तापते, बाटली कोमट आणि मधले दूध कढत. ते ढवळून मनगटावर थेंब टाकल्याखेरीज देऊ नये.

घट्ट झाकणाचा डबा वाफेने फुटतो, म्हणून झाकण सैल हवे. अखंड टोमॅटोला टोचे मारावेत. यंत्र रिकामे चालवू नये. कन्व्हेक्शन किंवा ग्रिलचे बटण दाबले की नियमच बदलतात. तेव्हा ते गरम हवेचे किंवा तप्त तारेचे ओव्हन होते आणि मायक्रोवेव्हला चालणारे प्लास्टिक वितळते. एकाच पेटीत दोन यंत्रे आहेत, हे घरातल्या स्वयंपाकीण बाईंनाही सांगून ठेवावे.

आत काही पेटलेच तर दार उघडू नये. हवा मिळाली की ज्वाळा वाढते. बटण बंद करून प्लग काढावा आणि आग विझेपर्यंत थांबावे. यंत्राला अर्थिंग असलेला पॉवर पॉइंट द्यावा; आठशे वॅटची उष्णता देणारे यंत्र प्रत्यक्षात बाराशेच्या आसपास वॅट ओढते. आणि दार वाकले किंवा नीट लागेनासे झाले तर गावातल्या मिस्त्रीकडून ती पेटी उघडवू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही प्राणघातक दाब साठून राहतो.