भांडण कशाचं?

सटाण्याकडे पाण्याचे वाद जुने. आरम आणि मोसम नद्यांवर फड पद्धतीनं पाणी वाटून घेणारा हा मुलूख. आता डाळिंबाला विहिरीचं पाणी लागतं, आणि विहीर पुष्कळदा सामाईक असते.

असे वाद कोर्टात जातात. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ हे १ जुलै २००२ पासून लागू झालं आणि कोर्टातला दावा मध्यस्थीकडे पाठवायची वाट खुली झाली. मध्यस्थाच्या ४० तासांच्या प्रशिक्षणात संयुक्त बैठक, खासगी बैठक सगळं शिकवतात. पण मध्यस्थ म्हणून विचारायचं कुठवर, हे मी शिकलो पाली अट्ठकथेतल्या (त्रिपिटकावरच्या भाष्यातल्या) रोहिणी नदीच्या तंट्यातून. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये हा तंटा सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण आहे, अट्ठकथेत तो बुद्धत्वानंतरचा. शाक्य आणि कोलीय शस्त्रं घेऊन उभे, आणि बुद्ध विचारतात, भांडण कशाचं? राजांना ठाऊक नाही. सेनापतींनाही नाही. प्रश्न खाली खाली जात शेतमजुरांपर्यंत पोचतो, तेव्हा कळतं: पाण्याचं. मग पुढचा प्रश्न, पाणी मोलाचं की माणसं? पाणी कुणाला किती, हे बुद्ध ठरवून देत नाहीत.

एका विहिरीचा दावा सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दोघे भाऊ, सातबाऱ्यावर निम्मा-निम्मा हिस्सा, दाव्यात पाळीच्या तासांचा हिशेब. खासगी बैठकीत थोरला तासांबद्दल बोलेचना. बऱ्याच वेळानं म्हणाला, “स्टार्टरच्या पेटीला त्यानं कुलूप लावलं. माझ्याच विहिरीवर मी चावी मागायची?” धाकट्याचं म्हणणं, मोटार दोनदा जळाली म्हणून कुलूप. थोरल्याच्या परवानगीनंच त्याचं दुखणं मी धाकट्यापुढे ठेवलं. तडजोडीत पहिलं कलम दुसऱ्या चावीचं आलं. पाळ्या त्यांनी आपसांत ठरवल्या.

बौद्ध साधनेतल्या मैत्री आणि करुणा पक्षकारांकडे पाहून आपोआप येतात. अवघड आहे ती उपेक्षा, म्हणजे दोघांकडे सारख्या मनानं पाहणं. गरीब दिसणाऱ्याकडे मन झुकलं की दुसऱ्याला ते लगेच कळतं, आणि तो गप्प होतो. इथे मला इगतपुरीच्या धम्मगिरीवरचा विपश्यनेचा सराव उपयोगी पडतो. पक्षकार आवाज चढवतो तेव्हा मी आधी आपला श्वास पाहतो. उत्तर द्यायची घाई सुटते. मध्यस्थ नेमताना कायद्याच्या ज्ञानाइतकंच हे समभावाचं मन पाहिलं जावं, असं माझं ठाम मत आहे.

भाऊबंदकीचा दावा चालू असेल, तर पहिल्याच तारखांना वकिलामार्फत मध्यस्थीची विनंती करा. तडजोड जमली नाही तरी दावा होता तिथून पुढे चालतो.